खुर्चीवरून पिंजऱ्यात

ताई न्यायाधीश झाली तेव्हा सगळ्यात पहिला फटका बसला तो माझ्या दुकानाला. मी शिंपी. न्यायालयाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे आणि वकिलांचे काळे कोट, झगे हेच माझं मुख्य काम. नेमणुकीचा कागद हातात पडल्यावर ताई दुकानात आली, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "माझ्यासमोर जे वकील उभे राहतात, त्यांचे कोट तू शिवायचे नाहीत."

"अगं, कोट शिवल्यानं काय होतंय? मी काय अस्तरात चिठ्ठी घालून पाठवणार आहे?"

"तू नाही पाठवणार. पण जो हरेल त्याला तसं वाटेल."

हरणाऱ्याला काय वाटेल, हा तिचा कायमचा धोशा. जिंकलेला माणूस मागे वळून बघत नाही, म्हणायची ती. हरलेला मात्र घरी जाऊन वर्षानुवर्षं कारण शोधत बसतो. ते कारण त्याला आपल्या खुर्चीत सापडता कामा नये. म्हणून ओळखीच्या माणसाचा खटला आला की ती सरळ तो दुसरीकडे पाठवायची. एकदा तर आमच्या मावसभावाच्या घरमालकाचं प्रकरण आलं म्हणून बाजूला झाली. मावसभावानं आयुष्यभर घरमालकाला शिव्याच घातल्या होत्या. मी म्हटलं, "तू त्याला आत टाकलं असतंस तर मावशीच्या घरी जेवायला बोलावलं असतं आपल्याला." ती हसली नाही. या विषयावर तिला हसू येत नसे.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे सिस्टरचा खटला.

आमच्या गावच्या मोठ्या रुग्णालयात एक माणूस दगावला होता. पोटाचं ऑपरेशन झालेला, चाळिशीतला, धडधाकट. संध्याकाळी त्याला धाप लागली, डॉक्टर वेळेवर पोहोचले नाहीत, आणि दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात तो गेला. डॉक्टर म्हणाले, मला कोणी कळवलंच नाही. ड्यूटीवरची सिस्टर म्हणाली, मी भिंतीवरच्या फोनवरून तुम्हाला बोलावलं, तुम्ही 'येतो' म्हणालात आणि आला नाहीत. तो फोन रुग्णालयाच्या आतल्या आत चालणारा. कोणी कोणाला लावला याची कुठेच नोंद राहत नाही. रुग्णालय डॉक्टरांच्या मागे उभं राहिलं. सिस्टरला कामावरून काढलं आणि हलगर्जीपणानं मृत्यूला कारण झाली म्हणून तिच्यावर खटला भरला. तो ताईसमोर आला.

ताईनं पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंना सांगितलं होतं, की माझे वडील त्याच सुमारास त्याच रुग्णालयात होते आणि तिथेच गेले. कोणाची हरकत असेल तर आत्ताच बोला. कोणीच बोललं नाही. हरकत घ्यायची तर गावातला एकही न्यायाधीश उरला नसता. ज्याच्या घरचं कोणी त्या इमारतीत गेलेलं नाही असा माणूस आमच्याकडे मिळणं कठीण. शिवाय आमचे अण्णा होते वरच्या मजल्यावर, आणि हा माणूस खालच्या वॉर्डात. खटला सुरू झाला. डॉक्टरांची साक्ष झाली, रुग्णालयाच्या मुख्यांची झाली. सिस्टर आरोपीच्या जागी ताठ बसलेली असायची. तिच्या वतीनं एक पोक्त, हळू बोलणारे वकील होते.

मग मयताच्या बायकोची साक्ष आली. त्या दिवशीचं सगळं मला ताईनं नंतर सांगितलं, आणि न्यायालयातल्या इतरांनीही.

ती बाई शाळेत शिकवायची. आवाज खणखणीत. तिनं सगळं नीट सांगितलं. नवऱ्याला धाप कशी लागली, तिनं घंटा कशी वाजवली, सिस्टर येऊन बघून गेली, मग बराच वेळ दिसलीच नाही. सरकारी वकिलांनी विचारलं, "त्या वेळी तुमचे पती शुद्धीवर होते का?"

"होते. बोललेसुद्धा."

"काय बोलले?"

बाई म्हणाली, "शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. त्यांना भ्रम झाला होता. छताकडे बघून सारखे विचारायचे, 'हुकूम कोणता? अरे, हुकूम कोणता बोललात?' कोणी उत्तर दिलं नाही की चिडायचे, उठायला बघायचे. शेवटी ह्यांनीच सांगितलं, 'आजोबा, इस्पिक.' मग ते शांत पडून राहिले. त्याच्यानंतर हे काही बोललेच नाहीत. तेच शेवटचं."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. ताईच्या हातातलं पेन थांबलं. तिनं पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला आणि म्हणाली, "आजचं काम इथेच थांबवू या."

संध्याकाळी ती माझ्या घरी आली. माझी बायको चहा टाकायला उठली, तर ताई म्हणाली, "राहू दे गं. आधी मला एक सांग," आणि माझ्याकडे वळली. "अण्णांना मध्येच खाली हलवलं होतं ना?"

"हो की. वरचा नळ फुटला होता, सगळा मजला पाण्यानं भरला होता. दोन रात्री खाली काढल्या. मी त्यांची उशी बगलेत मारून जिन्यानं उतरलो होतो, लिफ्टमध्ये एवढी गर्दी."

"तारीख?"

तारीख मला तोंडपाठ नव्हती, पण मोजता येत होती, कारण ज्या दिवशी त्यांना परत वर नेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी अण्णा गेले. आम्ही दोघांनी बोटांवर मोजलं. त्या दोन रात्रींतली दुसरी, ती या खटल्यातली.

अण्णा पोस्टातून निवृत्त झालेले. आयुष्यात दुसरा कसला नाद नव्हता, फक्त पत्ते. रविवारी दुपारी त्यांचे तिघे दोस्त आले की आम्ही पोरांनी बाहेर पळायचं. शेवटच्या आजारात बाकी सगळं विसरले, माझं नावही विसरले, पण डाव चालूच होता. हुकूम कोणता, हे ते दररोज विचारायचे. रुग्णालयात आमच्या पाळ्या ठरल्या होत्या, संध्याकाळ ताईची आणि रात्र माझी. म्हणून त्या संध्याकाळी तिथे ताई होती. पडद्यांआड त्या दोन रात्रींत इतकी रडारड झाली, की पलीकडे कोण कधी गेलं ते आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

"मी त्यांच्या पायाशी बसले होते," ताई म्हणाली. "पडद्यापलीकडून आवाज आला, 'इस्पिक.' अण्णा शांत झाले. मला इतकं हायसं वाटलं की मी डोळे मिटून घेतले. आणि मग मला भिंतीवरच्या फोनवर कोणीतरी बोलताना ऐकू आलं. सिस्टर. 'सर, तुम्ही या. मला लक्षण बरं दिसत नाही. या ना, सर.' मी डोळे उघडून बघितलं. तिची पाठ माझ्याकडे होती. मास्क होता तोंडाला, म्हणून इतके दिवस चेहरा लक्षात आला नाही."

मी उठूनच उभा राहिलो. "म्हणजे सिस्टर खरं बोलतेय! संपलं की मग. सोडून दे तिला."

"कशाच्या जोरावर?"

"तू ऐकलंस त्याच्या."

"निकालात काय लिहू? आरोपी निर्दोष आहे, कारण मला आतून माहीत आहे?"

"दुसरं काहीतरी लिही. शब्दांना काय तोटा आहे तुम्हा लोकांना?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बसलो आणि उशीच्या शिवणीतून निघालेला दोरा ओढत राहिलो.

पण मी सहजासहजी सोडणारा नव्हतो. मी तिला म्हटलं, तू बाजूला झालीस तर खटला पहिल्यापासून सुरू होणार. ती बाई कामाविना घरी बसली आहे. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, हे सगळ्या गावाला माहीत आहे. आणि खटला जाणार कोणाकडे? 'फूटपट्टी'कडे. हे दुसरे न्यायाधीश. बार रूममधले सगळे वकील त्यांना याच नावानं ओळखायचे, कारण नियमापासून ते तसूभरही हलत नसत. "त्यांच्यासमोर ती बिचारी टिकणार आहे का? तू बसून राहा. कोणाला कळणार आहे, तू तिथे होतीस म्हणून?"

"मला," ताई म्हणाली. "आणि तो माणूस? त्याला श्वास घेता येत नव्हता. तरी त्यानं आपल्या म्हाताऱ्याला शांत केलं. त्याचे शेवटचे शब्द आपल्या अण्णांसाठी खर्च झाले. त्याच्या बायकोला मी काय सांगू? मी कोणाच्या बाजूची आहे, तूच सांग."

माझ्या बायकोनं न विचारताच चहा आणून ठेवला. ताईनं तो प्यायला आणि कप स्वतः विसळून ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी ती मुख्य न्यायाधीशांना भेटली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आणखी कोणाला सांगितलंत?"

"भावाला."

"सांगायला नको होतं." एवढंच बोलून त्यांनी समजावलं, की वादातली गोष्ट ज्यानं स्वतः पाहिली त्यानं त्या वादाचा न्याय करायचा नाही, यात निवड करायला जागाच नाही. आदेश थोडक्यात लिहा. काय पाहिलं ते लिहू नका. ते सांगायची वेळ आली तर दुसरीकडे उभं राहून सांगा.

ताईला कळलं, दुसरीकडे म्हणजे कुठे.

आदेशाच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून मागच्या बाकावर जाऊन बसलो. ताईनं वाचलं, की मृत्यूच्या संध्याकाळी मी त्या वॉर्डात हजर होते, हे मला साक्षीच्या ओघात लक्षात आलं. वादातल्या एका बाबीची मला व्यक्तिशः माहिती आहे. म्हणून मी या खटल्यातून बाजूला होते. चार ओळी. वाचताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

सिस्टर उभी राहिली. तिला बसा म्हणून खुणावलं तरी बसली नाही. "म्हणजे परत पहिल्यापासून? पुन्हा सगळे येणार, पुन्हा तेच बोलणार? मॅडम, तुम्ही होतात तिथे, तर मग सांगा ना! आत्ता सांगा!"

खुर्चीतून ताईला ते बोलताच येत नव्हतं. सिस्टरच्या वकिलांनी तिला हाताला धरून खाली बसवलं. पलीकडे मयताची बायको आपल्या दिराला म्हणत होती, आणि तिचा आवाज खणखणीत असल्यानं सगळ्यांना ऐकू आलं, "इतके दिवस ह्या तिच्याच बाजूनं ऐकत होत्या तर!"

असं झालं. एका बाजूला वाटलं टाकून दिलं, दुसऱ्या बाजूला वाटलं फसवलं. ताई उठून आत गेली. तिच्या झग्याची मागची घडी उसवलेली मला दिसली. तो झगा मी शिवलेला नव्हता. तो तिनं दुसऱ्या गावाहून मागवला होता.

पुढचे कित्येक महिने ती माझ्याशी खटल्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. मी विषय काढला की उठून जायची. न्यायालयात तिचं काम चालू होतं, पण वकील तिच्यासमोर जरा जपून बोलायला लागले होते. फूटपट्टींनी खटला पहिल्यापासून सुरू केला. मग बचावाच्या वकिलांचा अर्ज मंजूर झाला आणि ताईला साक्षीचं समन्स आलं.

त्या दिवशी ती साधी निळी साडी नेसून आली. साक्षीदारांसाठी बाहेर एक लांब बाक असतो, त्यावर ती इतर लोकांत बसली. शिपाई गडबडला. त्यानं आतून खुर्ची आणली. तिनं ती परत पाठवली. पुकारा झाल्यावर आत गेली, पिंजऱ्यात उभी राहिली आणि शपथ घेतली. ज्या वाक्याला ती वर्षानुवर्षं वरून मान डोलवायची, ते म्हणताना एका शब्दाला अडखळली.

बचावाच्या वकिलांनी हळू आवाजात विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं. अण्णा, हुकूम, इस्पिक, फोन. "सर, तुम्ही या." सिस्टर दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होती. पहिल्यांदाच तिच्या खांद्यांचा ताठपणा जरा सैल झाला. मला वाटलं, जिंकलं. मला वाटलं, ताईनं उगाच एवढा लांबचा रस्ता घेतला, पण पोहोचली.

मग सरकारी वकील उठले. मोठे नम्र गृहस्थ. पूर्वी माझं गिऱ्हाईक होते. कितीतरी वर्षं याच इमारतीत ते ताईसमोर वाकून 'बाईसाहेब' म्हणत आलेले. आज त्यांनी वाकणं टाळलं, पण आवाज चढवला नाही.

"तुमचे वडील त्या वॉर्डात किती संध्याकाळी होते?"

"दोन."

"दोन्ही संध्याकाळी तुम्ही होतात?"

"होते."

"दोन्ही संध्याकाळी आरोपीच ड्यूटीवर होती, हे तुम्हाला मान्य आहे?"

"तसं कागदोपत्री दिसतं."

"वडील हुकूम कोणता हे फक्त दुसऱ्याच संध्याकाळी विचारत होते का?"

"नाही. रोज विचारायचे."

"वॉर्डात गंभीर रुग्ण इतरही होते. आदल्या संध्याकाळीही सिस्टरनं एखाद्या डॉक्टरांना फोन करून बोलावलं असू शकेल?"

"असू शकेल. पण मी ऐकलेला फोन दुसऱ्या संध्याकाळचा होता."

"हे तुम्ही कशावरून सांगता?"

"शेजारच्या खाटेवरून उत्तर आलं, 'इस्पिक', त्याच्यानंतर लगेचच तो फोन झाला. आणि ते उत्तर त्या एकाच संध्याकाळी आलं."

सरकारी वकिलांनी चष्मा काढून हातात घेतला. मला नंतरही वाटत आलं, की पुढचा प्रश्न विचारताना त्यांनाही बरं वाटत नव्हतं.

"ते उत्तर आलं होतं, हे तुम्हाला पहिल्यांदा केव्हा आठवलं?"

"साक्षीच्या वेळी."

"मयताच्या पत्नीनं तो शब्द उच्चारल्यावर."

"हो."

"त्याआधी, वडील गेल्यापासून त्या दिवसापर्यंत, घरी कोणाशी बोलताना, भावाशी बोलताना, तुम्ही हा प्रसंग कधी सांगितला होता?"

ताईनं माझ्याकडे बघितलं नाही. "नाही."

"मग नीट विचार करून सांगा. 'इस्पिक' हा शब्द तुम्ही त्या वॉर्डात स्वतःच्या कानांनी ऐकला, की न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून त्या बाईंच्या तोंडून ऐकला आणि तुमच्या आठवणीत जाऊन बसला?"

ताईनं पिंजऱ्याचा कठडा धरला. मला तिचा चेहरा एका बाजूनं दिसत होता. लहानपणी अण्णा तिला एखादं अवघड गणित घालायचे तेव्हा ती अशीच दिसायची, आत कुठेतरी बघणारी, ओठ घट्ट मिटून. मी मनात म्हणत होतो, ऐकला म्हण. अगं, म्हण की, मी ऐकला. कोण तपासायला जाणार आहे?

"मला सांगता येत नाही," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"आता शोधते आहे, तर मला तो आवाज आठवत नाही. शब्द आठवतो. पुरुषाचा आवाज म्हणून काही आठवत नाही. आठवतो तो त्या बाईंचा आवाज. फोन मी ऐकला, हे नक्की. 'सर, तुम्ही या' हे नक्की. कोणत्या संध्याकाळी, हे मी शपथेवर सांगू शकत नाही."

सिस्टरनं तोंड ओंजळीत झाकलं. सरकारी वकिलांनी चष्मा चढवला आणि खाली बसले.

मी ताईला बाहेर गाठलं. जिन्याशी पोहोचेपर्यंत माझा धीर सुटला. "काय केलंस हे! एक शब्द बोलायचा होता. ती बाई बुडाली ना तुझ्यामुळे!"

ताई पायरीवर बसली, भर इमारतीत, येणाजाणाऱ्यांसमोर. "मला खात्री होती रे," ती म्हणाली. "तुझ्या घरी बोलत होते तेव्हा मला पक्की खात्री होती. मी खुर्चीत राहिले असते तर याच खात्रीवर निकाल लिहिला असता. आणि तिथे मला हा प्रश्न कोणी विचारला असता?"

मी तिच्या शेजारी बसलो. माझा राग गेला नव्हता, पण तिला एकटं सोडवेना.

खटला संपला नव्हता. फूटपट्टींनी मयताच्या बायकोला पुन्हा बोलावलं. त्यांना कोणाची साक्ष अर्धवट वाटली की ते स्वतः प्रश्न विचारायचे, आणि त्यांच्या प्रश्नांना ना रंग असायचा ना रूप. त्यांनी विचारलं, "तुम्ही म्हणता, सिस्टर बघून गेल्या आणि दिसल्या नाहीत. गेल्या त्या कोणत्या दिशेला गेल्या?"

त्या बाईला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिचा दीर पहिल्या बाकावर बसला होता. त्यानं मान नकारार्थी हलवल्यासारखी मला दिसली. तो कदाचित मानेवरची माशीही हाकलत असेल.

"फोनकडे," बाई म्हणाली.

"फोन उचलताना पाहिलंत?"

तिला हे सांगणं जड जात होतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. "उचलला. कोणाशी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. माझं लक्ष ह्यांच्याकडे होतं. पण पळत गेल्या फोनकडे. चालत नाही." मग तिनं पहिल्यांदाच सिस्टरकडे सरळ बघितलं. "परत का आल्या नाहीत, ते विचारा त्यांना."

सिस्टरनं पुढे सांगितलं, की ती डॉक्टरांना शोधायला स्वतः वरच्या मजल्यावर गेली होती. ते खोलीत नव्हते. परत आली तोवर उशीर झाला होता. हे ती पहिल्या दिवसापासून सांगत होती.

फूटपट्टींनी निकाल वाचला तेव्हा ताई तिथे नव्हती, मी होतो. सिस्टर सुटली. फोन झाला नाही हे निःसंशय सिद्ध झालं नाही, म्हणून संशयाचा फायदा आरोपीला. निर्दोष असं शब्दशः कुठे म्हटलं नाही त्यांनी, एवढंच की दोषी म्हणता येत नाही. डॉक्टरांच्या वागण्याची चौकशी व्हावी असंही लिहिलं. आणि मध्ये ताईबद्दल एक परिच्छेद होता. साक्षीदार प्रामाणिक आहे, परंतु तिची आठवण सुनावणीत ऐकलेल्या गोष्टींशी मिसळलेली असल्यामुळे तिच्यावर विसंबता येत नाही, सबब ही साक्ष विचारात घेतलेली नाही.

मी ते तिला घरी जाऊन सांगितलं. तिला लागेल असं वाटलं होतं. लागलंही. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "बरोबर लिहिलंय. मीही हेच लिहिलं असतं. एवढी वर्षं लोकांच्या आठवणी तोलत बसले मी. स्वतःची कधी तोलून बघितली नव्हती."

सिस्टर पुन्हा कामावर रुजू झाली. एका दुपारी ती माझ्या दुकानात आली. गणवेश सैल झाला होता, आवळून हवा होता. मी कोणाचा भाऊ आहे हे तिला माहीत होतं. न्यायालयाच्या आसपास सगळ्यांनाच माहीत असतं. तेवढ्यात ताई आली, जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे येते तशी. दोघी समोरासमोर आल्या आणि मला वाटलं, मशीनच्या खाली शिरावं.

सिस्टरनंच सुरुवात केली. "तुम्ही खुर्चीत बसून राहिला असतात तर माझे एवढे हाल झाले नसते. सासूबाई गेल्या मध्ये. मी आरोपी असतानाच गेल्या."

"हो," ताई म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं मी फोन केला."

"मला वाटत होतं, मला माहीत आहे."

"पण ते खरंच होतं ना!"

"खरं होतं असं मला आजही वाटतं. पण मी कोणत्या दिवशी काय ऐकलं, ते मलाच नीट माहीत नव्हतं. तुम्हाला मी चुकीच्या कारणानं सोडलं असतं."

"सुटणाऱ्याला कारण लागत नाही, बाई." सिस्टर कडवटपणे हसली.

"तुम्हाला नसेल लागत," ताई म्हणाली. "ज्यांचं माणूस गेलं, त्यांना लागतं."

सिस्टर गणवेशाच्या कॉलरवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्या बाई परवा आमच्या वॉर्डात आल्या होत्या. कोणा शेजारणीला बघायला. मला बघून थांबल्या. मला वाटलं, आता बोलतील. मीही थांबले. काही बोलल्या नाहीत. मीही नाही."

"मग?"

"मग काय. शेजारणीची सलाईन संपत आली होती. मी बाटली बदलली. त्या बघत उभ्या होत्या."

ताईनं मान हलवली. ताई मागच्या बाजूला जाऊन डबा उघडून बसली. मी गळ्यातली टेप काढली आणि सिस्टरला म्हटलं, जरा सरळ उभ्या राहा, कंबरेचं माप घेतो.